चिकनशेड, साउथगेट : निवड चाचणी न घेणारे नाटकघर

लंडनमध्ये मुलांना नाटक दाखवायचे म्हटले की बहुतेक मराठी कुटुंबे वेस्ट एंडची वाट धरतात आणि त्यात गैर काही नाही. तिथल्या संगीतिकांची सफाई आणि नेपथ्याची श्रीमंती पाहण्यासारखीच असते. पण नाटक कोण करू शकते याविषयीची आपल्या मुलांची कल्पना थोडी रुंदावावी असे ज्यांना वाटते, त्यांनी पिकॅडिली लाइनने उलट दिशेला, शहराच्या उत्तर टोकाकडे जावे. एन्फील्डमधल्या साउथगेट भागात, चेस साइड या रस्त्यावर, ‘चिकनशेड’ हे नाटकघर आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते. मुलांसाठी आणि मुलांना बरोबर घेऊन इतक्या विचारपूर्वक केलेले रंगकाम मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे, आणि कोणत्याही मुलाला दारातून परत न पाठवण्याचा इथला निर्णय त्या नाटकांच्या रचनेत, हालचालींत आणि संगीतात उतरलेला दिसतो. म्हणूनच त्याचे परीक्षण एक सामाजिक उपक्रम म्हणून न करता नाटक म्हणून करणे मला योग्य वाटते.

मेरी वॉर्ड या शिक्षिका आणि जो कॉलिन्स या संगीतकार, या दोघींनी १९७४ मध्ये ही संस्था सुरू केली. तालमींना जागा मिळाली ती कोंबड्यांसाठी बांधलेल्या एका शेडमध्ये, आणि तेच नाव संस्थेला कायमचे चिकटले. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, संस्था साउथगेटला स्वतःसाठी बांधलेल्या नाटकघरात आली. राजकन्या डायना या संस्थेच्या आश्रयदात्या होत्या. १९९७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या श्रद्धांजलीपर गीतसंग्रहात चिकनशेडच्या मुलांनी गायलेले ‘आय ॲम इन लव्ह विथ द वर्ल्ड’ हे गाणे घेतले गेले, आणि तोवर उत्तर लंडनपुरते ठाऊक असलेले हे नाव देशभर पोहोचले.

ब्रिटनमधील तरुणांच्या रंगभूमीत या संस्थेची जागा नेमकी कोणती, हे समजण्यासाठी आणखी दोन संस्थांकडे पाहायला हवे. १९५६ पासून चालत आलेले नॅशनल यूथ थिएटर चाचणी घेऊन गुणी तरुण निवडते आणि त्यांच्यातून अनेक नामांकित नट घडले आहेत. १९८० मध्ये स्थापन झालेली ‘ग्रे-आय’ (Graeae) ही कंपनी दिव्यांग कलावंतांची, त्यांनीच पुढाकार घेऊन चालवलेली व्यावसायिक रंगभूमी आहे. चिकनशेड या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. इथे प्रवेशासाठी चाचणी नाही आणि दिव्यांग मुलांचा स्वतंत्र वर्गही नाही. चुरचुरीत बोलणारा, नृत्यात तरबेज असलेला मुलगा आणि एकही शब्द न उच्चारणारी मुलगी एकाच तालमीत, एकाच दिग्दर्शकापुढे, एकाच गाण्यासाठी उभी राहतात. सेरेब्रल पाल्सी असलेली, स्वमग्न, कर्णबधिर, घरच्या अडचणींमुळे शाळेतून गळू पाहणारी आणि यांपैकी काहीच नसलेली, अशी सगळी मुले त्या गटात असतात. आणि कोण कोणत्या कारणाने आले आहे हे प्रेक्षकाला कळावे अशी कोणतीही सोय केलेली नसते. कार्यक्रमपत्रिकेत नावापुढे शेरा नाही, कोणासाठी वेगळ्या टाळ्या नाहीत.

नाताळचा प्रयोग हे इथले वर्षातले सर्वांत मोठे काम आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होऊन तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. कथा बहुधा सर्वांना ठाऊक असलेली एखादी परीकथा असते, पण ती आजच्या लंडनमध्ये आणून, नव्या गाण्यांनिशी नव्याने लिहिलेली असते. इंग्रज कुटुंबे नाताळात नाटकघरात जाऊन पाहतात त्या पॅन्टोमाइम या गाण्यांच्या, विनोदी नाट्यप्रकाराशी तिचे नाते आहे. तरी पुरुषाने साडेसातीसारखी मागे लागणारी म्हातारी वठवायची आणि प्रेक्षकांनी ठरलेल्या जागी ओरडायचे, हा त्यातला ठरीव भाग इथे जवळजवळ नसतो. अनेक वर्षी या प्रयोगात मिळून ८०० च्या आसपास मुले आणि तरुण सहभागी होतात. त्यांचे चार गट पाडलेले असतात, गटांना रंगांची नावे असतात आणि आळीपाळीने एकेक गट प्रयोग करतो. म्हणजे कोणत्याही एका प्रयोगात साधारण २०० जण रंगमंचावर येऊन जातात.

शाळेच्या स्नेहसंमेलनात चाळीस मुलांचा नाच ज्यांनी बसवला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मी स्वतः पुण्यात बालनाट्य शिबिरांतून काम केलेले असल्याने पहिल्यांदा हा प्रयोग पाहताना माझे निम्मे लक्ष कथेकडे आणि निम्मे ही मुले येतात कुठून, जातात कुठे, त्यांना सांभाळते कोण, याकडे होते. उत्तर रंगमंचावरच दिसते. मुख्य भूमिकांत बहुधा संस्थेत शिकणारे किंवा काम करणारे तरुण असतात. मुले लहान लहान टोळ्यांनी येतात आणि प्रत्येक टोळीत एकदोन मोठी माणसे असतात, तीही त्याच वेशभूषेत, तीच गाणी म्हणत, तेच नाच करत. विंगेत उभे राहून हातवारे करणारे कोणी नसते, कारण सांभाळणारा माणूस नाटकातलेच एक पात्र असतो. गावकऱ्यांच्या टोळीत तो गावकरी होतो, बर्फाच्या कणांच्या टोळीत तो उंच बर्फकण होतो. एवढी साधी वाटणारी ही युक्ती प्रयोगाची सारी शिस्त बदलून टाकते, कारण मदत घेणे ही गोष्ट मग लपवावी लागत नाही आणि मिरवावीही लागत नाही.

एक प्रसंग जवळून सांगण्याजोगा आहे. गाण्याच्या मध्यात, उजवीकडच्या टोळीतली नऊदहा वर्षांची एक मुलगी थबकली. तिच्या कानांवर आवाज रोखणारे मोठे हेडफोन होते आणि ढोलाचा ठेका वाढताच तिने दोन्ही हात त्यांवर घट्ट दाबले. शेजारची तरुणी लगेच तिच्याकडे वळली नाही. तिने आधी आपला नाच लहान केला, मग पावले जागच्या जागी ठेवली, मग गुडघे वाकवून ती मुलीच्या उंचीला आली आणि गाण्यातली पुढची खूण तिने अगदी संथ गतीने, निम्म्या लयीत केली. मुलीने आधी एक हात सोडवला, काही मात्रांनंतर दुसरा. तोवर तिच्या मागची पाचसहा मुलेही त्याच निम्म्या लयीत खूण करू लागली होती, आणि समोरून पाहणाऱ्याला ती नृत्यरचनेतलीच एक लाट वाटावी इतके ते चपखल बसले. हे आधी ठरलेले होते की त्या क्षणी सुचले, ते मला सांगता येणार नाही. मात्र आपली लय सोडून दुसऱ्याच्या लयीत जाणे हा इथल्या तालमीचाच भाग असावा, अशी त्या साऱ्यांच्या अंगात मुरलेली सहजता होती.

खुणांच्या भाषेचा वापर हा या संस्थेच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. ब्रिटनमध्ये ब्रिटिश साइन लँग्वेजला सरकारने २००३ मध्ये भाषा म्हणून मान्यता दिली आणि २०२२ मध्ये इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडसाठी तिचा स्वतंत्र कायदा झाला. त्यामुळे मोठ्या नाटकघरांतही काही ठरावीक प्रयोगांना दुभाषी असतो. तो काळ्या कपड्यांत रंगमंचाच्या एका कडेला, स्वतंत्र प्रकाशझोतात उभा राहतो, आणि कर्णबधिर प्रेक्षकाला नाटक एका बाजूला व शब्द दुसऱ्या बाजूला अशी मान सतत वळवत बसावे लागते. चिकनशेडमध्ये खुणा करणारा नट कथेच्या आत असतो. तो नायिकेचा मित्र असतो, तिच्या सावलीसारखा वावरतो, तिच्यावर रागावतो, आणि त्याच्या हातांतून तिचे वाक्य एकदा आणि त्याची स्वतःची प्रतिक्रिया एकदा, अशा दोन्ही गोष्टी निघतात. गाण्यांच्या ध्रुवपदांत तर सगळा समूह खुणा करतो. दोनशे जोड हात एकाच वेळी एक शब्द हवेत लिहितात तेव्हा ऐकू येणाऱ्या प्रेक्षकालाही तो शब्द दिसतो, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत माझ्या पुढच्या रांगेतली लहान मुले बसल्या जागी त्याच खुणा करू लागली होती. सोय म्हणून आलेली गोष्ट इथे नृत्याची भाषा होऊन बसली आहे. मुद्राभिनयाची परंपरा ज्यांच्या अंगणात आहे, त्या आपल्या रंगकर्मींनी हे मुद्दाम पाहायला हवे.

व्हीलचेअरचा वापरही असाच विचार करून केलेला असतो. चाकांना वळायला जागा हवी म्हणून रंगमंचावर उंचसखल चौथरे कमी ठेवले जातात आणि जे असतात त्यांना उतार असतो. त्यामुळे सगळ्याच नर्तकांच्या हालचाली वर्तुळाकार, वाहत्या होतात. व्हीलचेअरमधला तरुण नर्तक गोल फिरतो तेव्हा त्याचा वेग पायांवर नाचणाऱ्यांपेक्षा जास्त असतो आणि बाकीचे त्याला गाठण्यासाठी धावतात. त्याला कोणी ढकलत आणून मध्यभागी ठेवले आहे आणि भोवती नाच चालला आहे, असे केविलवाणे चित्र इथे दिसत नाही. हे चित्र मात्र मी अन्यत्र पाहिले आहे, आणि तेही पुरस्कार मिळालेल्या नाटिकांत. त्या मुलाला मध्यभागी बसवल्याबद्दल प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि त्याने केले काय, हे कोणी विचारत नाही.

इथे महाराष्ट्राची आठवण येणे मला टाळता आले नाही, कारण बालरंगभूमीच्या बाबतीत आपण मुळीच नवखे नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू करून मुलांच्या नाटकाला पूर्ण नेपथ्याचा, व्यावसायिक शिस्तीचा मान मिळवून दिला. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरच्या धर्तीवर डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात थिएटर अकादमीच्या माध्यमातून ग्रिप्स नाट्यचळवळ आणली आणि मुलांचे आजचे प्रश्न, राक्षस आणि पऱ्यांना बाजूला ठेवून, रंगमंचावर मांडले. पण त्या नाटकांत मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. ती मुलांसाठीची रंगभूमी आहे, मुलांनी केलेली नव्हे, आणि तिची गंमतही त्यातच आहे. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने वस्त्यांमधील मुलामुलींसाठी ‘नाट्यजल्लोष’ उभा केला. तिथे मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका रचल्या आणि स्वतः सादर केल्या. चिकनशेडच्या सर्वांत जवळ जाणारे आपल्याकडचे काम म्हणून मला त्याचेच नाव घ्यावेसे वाटते.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा आहे आणि दिव्यांग मुलांसाठी वेगळी बालनाट्य स्पर्धाही आहे. त्या दुसऱ्या स्पर्धेमुळे विशेष शाळांतील असंख्य मुलांना रंगमंचाचा प्रकाश मिळाला, शिक्षकांना वर्षभर एक ध्येय मिळाले, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तरीही साउथगेटला दोन तास बसून आल्यावर एक प्रश्न मनातून हटत नाही. स्पर्धा दोन असल्या की नाटके दोन होतात, तालमी दोन होतात आणि त्या दोन तालमींतल्या मुलांची एकमेकांशी गाठ पडण्याची वेळच येत नाही. पहिल्या स्पर्धेतल्या मुलांना आपली लय कधी निम्मी करावी लागत नाही. दुसरीतल्या मुलांना वेगळ्या लयीचा सोबती मिळत नाही. तोटा दोघांचा आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्या गटाचा अधिक, कारण त्यांना तो तोटा आहे हे कळण्याचीही संधी मिळत नाही. दोन्ही स्पर्धा राहू द्याव्यात. पण मिश्र संघांसाठी तिसरी वाट काढणे अवघड नसावे.

आता या पद्धतीची किंमत. ती आहे, आणि प्रामाणिक परीक्षणात ती सांगितली पाहिजे. दोनशे जणांना रंगमंचावर यायचे असेल तर कथेला सारखे थांबावे लागते. प्रत्येक टोळीला तिचे गाणे, तिची मिनिटे द्यावी लागतात, आणि त्यामुळे नायिका संकटात सापडलेली असताना मध्येच बाजारातल्या फेरीवाल्यांचे एक दीर्घ, सुंदर पण अनावश्यक गाणे येते. पूर्वार्धात याचे काही वाटत नाही. उत्तरार्धात कथेचा धागा हातातून निसटू लागतो. मोठ्या समूहगीतांत शब्द नेहमीच स्पष्ट ऐकू येत नाहीत. भारतातून आलेल्या, इंग्रजी उच्चारांची सवय नसलेल्या आजीआजोबांना घेऊन जाणार असाल तर मूळ परीकथा त्यांना आधी सांगून ठेवावी. विनोद पुष्कळदा उत्तर लंडनमधल्या बसमार्गांवर आणि दुकानांवर बेतलेले असतात आणि बाहेरच्यांना ते कळत नाहीत. सफाईचा निकष एकच लावायचा ठरवला, तर वेस्ट एंडच्या मानाने हे काम ठिकठिकाणी सैल वाटेल. मला स्वतःला ही किंमत परवडण्याजोगी वाटते, पण ज्याला घट्ट बांधलेले नाट्य हवे आहे, त्याने नाताळच्या प्रयोगापेक्षा वसंत ऋतूतील नाटक निवडावे.

याहून गंभीर अशी एक अपेक्षा मला नोंदवाविशी वाटते. समूहदृश्यांत इथली समानता जितकी पक्की आहे, तितकीच ती खलनायकाच्या भूमिकेपर्यंत पोहोचलेली मला पाहायची आहे. दिव्यांग मुलगी समजूतदार मैत्रीण होते, शहाणी वाटाड्या होते, सर्वांना एकत्र आणणारी होते. तिला दुष्ट राणी होता आले पाहिजे, खोटे बोलता आले पाहिजे, प्रेक्षकांचा राग ओढवून घेता आला पाहिजे, कारण नाटकात खरी मजा त्याच भूमिकांत असते आणि बारा वर्षांच्या कोणत्याही मुलाला विचारले तर तो हेच सांगेल. चांगुलपणाची सक्ती हीदेखील एक प्रकारची वेगळी रांगच आहे. या संस्थेकडे ती मोडण्याची ताकद आहे, म्हणून ही अपेक्षा.

लहान मुलांसाठी, म्हणजे सात वर्षांच्या आतल्यांसाठी, ‘टेल्स फ्रॉम द शेड’ नावाचे छोटे प्रयोग छोट्या स्टुडिओ रंगमंचावर होतात. त्यांत प्रेक्षक मुले जमिनीवर बसतात, गोष्टीत ओढली जातात आणि नट त्यांच्यात मिसळतात. तीनचार वर्षांच्या मुलाला आयुष्यातले पहिले नाटक दाखवायचे असेल, तर मी निःशंकपणे हे सुचवीन. नाताळचा मोठा प्रयोग पाच वर्षांखालच्या मुलांना लांबतो.

किशोरवयीनांसाठीचे काम याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे आहे आणि त्याकडे मराठी पालकांचे फारसे लक्ष जात नाही, याचे मला वाईट वाटते. लंडनमधल्या तरुण मुलांमध्ये होणाऱ्या चाकूहल्ल्यांवरचे ‘क्राइम ऑफ द सेंच्युरी’ हे नाटक संस्थेने केले आणि ते शाळाशाळांतून नेले. अशा विषयावर मोठ्यांनी भाषण दिले की पंधरा वर्षांचा मुलगा खिशातला फोन चाचपू लागतो. त्याच्याच वयाचा, त्याच्याच बोलीत बोलणारा नट जेव्हा चाकू घेऊन घराबाहेर पडण्याआधीचे अर्धे मिनिट रंगमंचावर उभे करतो, तेव्हा सभागृहातली शांतता निराळी असते. संस्थेच्या या प्रकारच्या नाटकांत संवाद कमी आणि शरीरभाषा जास्त असते. एक हालचाल समूहात पसरत जाते, धक्का एकाला बसतो आणि तोल दहा जणांचा जातो. समूहाला घेऊन काम करण्याची नाताळच्या प्रयोगात घोटलेली पद्धत इथे आनंदाऐवजी भीतीसाठी वापरली जाते, आणि कथा एकच, लहान व नेमकी असल्याने ती इथे अधिक परिणामकारक ठरते. मला विचाराल तर संस्थेचे सर्वोत्तम काम नाताळात न दिसता या नाटकांत दिसते. चौदापंधरा वर्षांची मुले घरात असतील तर असा प्रयोग लागला की त्यांना अवश्य पाठवावे, आणि शक्यतो त्यांच्या मित्रांबरोबर, आईवडिलांशिवाय.

नुसते पाहण्यापलीकडे, मुलाला सभासद करण्याचा पर्यायही आहे. वयोगटांनुसार बालरंगभूमी आणि युवा रंगभूमीचे साप्ताहिक वर्ग चालतात. प्रवेशाला गुणवत्तेची अट नसल्याने मागणी भरपूर असते आणि जागेसाठी थांबावे लागू शकते, म्हणून आधीच नाव नोंदवून ठेवणे शहाणपणाचे. वर्गांत काय शिकवतात असे एका ओळखीच्या आईने मला विचारले होते. शब्दोच्चार, गाणे, हालचाल हे तर आहेच. पण सगळ्यांत जास्त वेळ दुसऱ्याकडे पाहण्यावर जातो. जोडीदाराने हात उचलला की आपण उचलायचा, तो थांबला की थांबायचे, त्याने काहीच केले नाही तर त्या काहीच न करण्यातही त्याच्याबरोबर राहायचे. स्पर्धेच्या वातावरणात वाढलेल्या मुलांना हे सुरुवातीला कंटाळवाणे वाटते आणि काही पालकांनाही. आपले मूल पुढच्या रांगेत का नाही, हा प्रश्न इथे विचारून उपयोग नाही, कारण पुढची रांग सतत बदलत असते. शाळा संपल्यावर याच क्षेत्रात शिकू इच्छिणाऱ्यांसाठी पूर्णवेळ अभ्यासक्रमही आहेत. समावेशक रंगकर्मातील पदवीचे शिक्षण इथे मिडलसेक्स विद्यापीठाच्या मान्यतेने दिले गेले आहे, आणि नाताळच्या प्रयोगात उंच बर्फकण झालेले अनेक जण याच वर्गांतले विद्यार्थी असतात. इथे घडलेल्या पद्धतीवर देशात इतर ठिकाणीही ‘शेड’ या नावाने गट उभे राहिले आहेत, त्यामुळे लंडनबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या भागात असा गट आहे का, याची चौकशी जरूर करावी.

लंडनमधल्या आपल्या मराठी मंडळांनाही मला इथे थेट काही सांगायचे आहे. गणेशोत्सवात आणि दिवाळीत आपण मुलांच्या नाटिका बसवतो, त्यांत मराठी चांगले बोलणाऱ्या मुलाला संवाद मिळतात आणि बाकीची मुले झाडे, ढग किंवा मावळे होतात. जे मूल मुळीच बोलत नाही किंवा गर्दीत घाबरते, त्याचे आईवडील बहुधा स्वतःहूनच नाव देत नाहीत, आणि मग ते कुटुंब हळूहळू कार्यक्रमांना येणे सोडते. असे एक कुटुंब मला जवळून माहीत आहे. त्यांच्या मुलाला चिकनशेडसारख्या गटात पाहताना माझ्या लक्षात आले की त्याला सामावून घेण्यासाठी लागले ते फार थोडे होते : ढोलाचा आवाज खाली, बरोबर त्याच वेशातला एक मोठा मुलगा, आणि संवादाऐवजी एक खूण. मंडळाच्या मोकळ्या सभागृहात, दोन तालमींत, हे करता येण्याजोगे आहे. मावळ्यांच्या टोळीत एक मोठा मावळा उभा करण्यासाठी कुठल्याही अनुदानाची गरज नाही.

जाण्याची सोय सांगायची तर नाटकघर पिकॅडिली लाइनवरच्या ओकवुड आणि कॉकफॉस्टर्स या दोन स्थानकांच्या परिसरात आहे. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर स्थानकावरून बस घेणे बरे, कारण डिसेंबरच्या संध्याकाळी तेवढे चालणेही जड जाते. सभागृह मोठे नाही, त्यामुळे मागच्या रांगेतूनही नटांचे चेहरे दिसतात. समूहनृत्याचे आकार नीट पाहायचे असतील तर उलट मागच्या, उंचावरच्याच जागा घ्याव्यात. अगदी पुढे बसल्यास जवळच्या दहा मुलांपलीकडे काही दिसत नाही. गर्दी आणि आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी प्रकाश आणि ध्वनी सौम्य ठेवलेले, मध्येच उठून बाहेर जाण्याची मुभा असलेले प्रयोग होतात. त्यांच्या तारखा वेळापत्रकात वेगळ्या दाखवलेल्या असतात आणि तिकीट काढताना गरजा आधी कळवल्या तर जागेची व्यवस्था सोपी होते. नाताळच्या सुट्टीतल्या दुपारच्या खेळांची तिकिटे लवकर संपतात. एखाद्या ओळखीच्या मुलाला पाहायला जाणार असाल, तर ते कोणत्या रंगाच्या गटात आहे हे आधी विचारून मगच तारीख ठरवावी.